बुडालेल्या जहाजाचे वाचन : एक चिकित्सा

१

समुद्रतळाशी पडलेले जहाज म्हणजे गोठून राहिलेला एक क्षण, ही कल्पना सागरी पुरातत्त्वाविषयीच्या लोकप्रिय लेखनात इतकी रुळली आहे की तिची तपासणी करण्याची गरजच कोणाला भासत नाही. जमिनीवरील नगर शतकानुशतके वसते, मोडते, पुन्हा वसते. त्याचे थर एकमेकांत मिसळतात. जहाज मात्र एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट माल आणि विशिष्ट माणसे घेऊन बुडते. त्यामुळे पाठीवर हवेची नळकांडी बांधून खाली उतरलेल्या पाणबुड्यास तो दिवस जसाच्या तसा सापडावा, अशी अपेक्षा निर्माण होते. ही अपेक्षा आकर्षक असली तरी शास्त्रीय म्हणता येत नाही. प्रस्तुत लेखात तिची चिकित्सा करावयाची आहे. ह्या चिकित्सेचे प्रयोजन केवळ तात्त्विक नाही. मुंबई बंदराच्या पूर्व अंगास, न्हावा-शेव्याच्या परिसरात, समुद्रतळाचा गाळ गेली कित्येक दशके उपसला जात आहे. त्या गाळातील अवशेषांना पुरावा म्हणावयाचे की अडगळ, ह्या प्रश्नाचे उत्तर बुडालेले जहाज कसे वाचावे ह्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

मराठी अभ्यासकास हा प्रश्न वाटतो तितका परका नाही. जुन्या ग्रंथाची पोथी हाती येते ती ग्रंथकाराच्या हातची नसते. लेखकूंच्या चुका, पदरची भर, गहाळ पाने, वाळवीने खाल्लेल्या ओळी ह्या सर्वांतून ती आलेली असते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली, त्या कार्यामागे हेच तत्त्व होते : पोथी म्हणजे ग्रंथ नव्हे, ती ग्रंथाची साक्ष होय, आणि साक्ष तपासून घ्यावी लागते. बुडालेले जहाजही असेच साक्षीदार आहे. त्याची पोथी कोणी लिहिली, कोणी बिघडवली आणि कोणती पाने गळाली, हे आधी ठरवल्यावाचून तिचा अर्थ लावणे घाईचे ठरते.

२

पाण्याखालील वाचनाचा इतिहास फार जुना नाही. १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां ह्यांनी श्वासागणिक हवा पुरविणारे यंत्र सिद्ध केले आणि जड पोशाख व वरून येणारी नळी ह्यांवाचून पाण्यात वावरणे शक्य झाले. ह्या साधनाचा पहिला मोठा पुरातत्त्वीय प्रयोग १९५२ पासून मार्सेयजवळच्या ग्रां काँग्लुए ह्या खडकापाशी झाला. तेथे हजारो मृत्कुंभ वर काढण्यात आले. ते सारे एकाच जहाजातील मानले गेले. परंतु त्या कुंभांचे घाट आणि काळ एकमेकांशी जुळत नव्हते. पुढे फेरतपासणीत दिसून आले की त्या ठिकाणी एक नव्हे, दोन जहाजे एकावर एक पडलेली होती, आणि त्यांच्यामध्ये सुमारे एका शतकाचे अंतर होते. दोन पोथ्या एका बासनात बांधल्या गेल्या म्हणून त्यांना एकच ग्रंथ समजावे, तसा हा प्रमाद होता. खाली उतरणारे पाणबुडे कुशल होते आणि वर बसलेले विद्वानही व्यासंगी होते. पण पाहणारा एक आणि अर्थ लावणारा दुसरा, अशी विभागणी झाल्यामुळे वस्तू कोणत्या थरातून आली हे नेमके कोणीच सांगू शकत नव्हते.

ही उणीव जॉर्ज बास ह्यांनी ओळखली. १९६० साली तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरील गेलिदोन्या भूशिरापाशी कांस्ययुगीन जहाजाचे उत्खनन करताना त्यांनी पाणबुड्यास पुरातत्त्व शिकविण्याऐवजी पुरातत्त्वज्ञांनीच पाण्यात उतरावे असा आग्रह धरला. जमिनीवर जसे मोजमाप, नकाशे आणि नोंदी होतात तसेच ते पाण्यात झाले पाहिजे, हे त्यांनी कृतीने दाखविले. ह्या जहाजाचा ठाव मात्र कोणा विद्वानाने लावला नव्हता. पीटर थ्रॉकमॉर्टन ह्यांना तो स्पंज काढणाऱ्या तुर्की पाणबुड्यांकडून कळला होता. शास्त्राच्या ह्या पहिल्या यशात किनाऱ्यावर राहणाऱ्या श्रमिकांच्या ज्ञानाचा वाटा होता, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवली पाहिजे.

३

‘गोठलेला क्षण’ ह्या कल्पनेवर सर्वांत समर्थ आघात केला तो कीथ मकलरॉय ह्या तरुण इंग्रज अभ्यासकाने. त्याचा ‘मॅरिटाइम आर्किऑलॉजी’ हा ग्रंथ १९७८ साली प्रसिद्ध झाला. पुढे दोनच वर्षांनी स्कॉटलंडमध्ये पाण्याखाली काम करीत असतानाच त्याचा मृत्यू झाला. त्याच्या सिद्धान्ताची भूमी शेटलंड बेटांच्या थंड, उथळ आणि खवळलेल्या किनारी पाण्यात होती. १६६४ साली डच ईस्ट इंडिया कंपनीचे केनेमरलंड हे जहाज तेथील आउट स्केरीज बेटांपाशी खडकावर आपटून फुटले. १९७१ पासून विद्यार्थ्यांच्या तुकड्यांनी त्या जागी स्कूबाच्या साह्याने काम केले. जहाजाचा सांगाडा असा तेथे उरला नव्हता. वस्तू खडकांच्या घळींत विखुरल्या होत्या. अशा जागेला पूर्वीच्या अभ्यासकांनी निरुपयोगी ठरविले असते. मकलरॉयने मात्र विखुरलेल्या वस्तूंच्या जागांचे संख्याशास्त्रीय परीक्षण करून त्या विस्कळीतपणातही एक रीत असल्याचे दाखविले.

त्याच्या मते जहाज आणि समुद्रतळावरील अवशेष ह्यांच्या दरम्यान दोन प्रकारच्या क्रिया घडतात. एकीस गाळणी म्हणता येईल : तरंगणाऱ्या वस्तू वाहून जातात, कुजणाऱ्या कुजतात, आणि मौल्यवान वस्तू माणसे काढून नेतात. दुसरीस घुसळण म्हणावे : आपटण्याच्या वेळी आणि त्यानंतरच्या लाटा-प्रवाहांनी वस्तूंची मूळची जागा बदलते. पाणबुड्याला दिसते ते ह्या दोन्ही क्रियांतून उरलेले. ह्यास्तव जे सापडले त्याचा अर्थ लावण्यापूर्वी काय सापडू शकत नव्हते ह्याचा विचार केला पाहिजे. अभाव हा पुरावा आहे की गाळणीचा परिणाम, हा ह्या शास्त्रातील मूलभूत प्रश्न होय.

तथापि मकलरॉयच्या मांडणीवरही एक आक्षेप घेता येतो. त्याची उदाहरणे बहुतांशी ब्रिटनभोवतालच्या समुद्रातील आहेत. थंड पाण्याचे वर्तन आणि उष्ण कटिबंधातील पाण्याचे वर्तन सारखे नसते. बाल्टिक समुद्रात १६२८ साली बुडालेले वासा हे स्वीडिश युद्धनौकेचे प्रचंड धूड १९६१ साली जवळजवळ अखंड वर काढता आले, कारण त्या थंड आणि कमी क्षाराच्या पाण्यात लाकूड पोखरणारे सागरी किडे जगत नाहीत. अरबी समुद्रात हे किडे विपुल आहेत. उघडे पडलेले लाकूड येथे फार काळ टिकत नाही. अर्थात येथे लाकूड टिकवावयाचे तर ते गाळाखालीच जावे लागते. थंड पाणी जे काम करते ते उष्ण समुद्रात गाळ करतो. ह्या एका फरकाने सिद्धान्ताचा सारा तोल बदलतो.

४

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ह्या विषयाचे पद्धतशीर काम झाले ते मुख्यतः गोव्यात, दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांकडून. त्यांतील दोन उदाहरणे चिकित्सेच्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहेत.

पहिले सुंची खडकावरील. अवघ्या तीन ते सहा मीटर खोलीवर तेथे लोखंडी तोफा, घडीव दगड, विटा, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, मार्तबान बरण्यांचे अवशेष, काचेच्या बाटल्यांची बुडे, हत्तीचे दात आणि पाणघोड्याचे दात सापडले. शास्त्रीय कालमापनावरून हे अवशेष सतराव्या शतकाच्या आरंभीचे ठरतात आणि जहाज पोर्तुगीज असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला आहे. जहाजाचे लाकूड जवळपास नाही. राहिले आहे ते दगड, धातू, भाजलेली माती आणि हस्तिदंत. पाणघोडा हा प्राणी भारतात नाही, म्हणून त्याचे दात आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे बोट दाखवितात. एवढे अनुमान निःशंक होय. परंतु ‘हे हस्तिदंताचे जहाज होते’ असे म्हणणे धाडसाचे ठरेल. कापड, धान्य, मसाले, कागद ह्यांपैकी काही त्यावर असते तरी साडेतीन-चारशे वर्षांच्या गाळणीतून ते उरले नसते. सुंचीच्या अवशेषांवरून जहाज कोठून आले हे सांगता येते. ते मुख्यतः काय घेऊन आले हे सांगता येत नाही. ह्या दोन विधानांतील भेद राखणे हेच चिकित्सेचे काम.

दुसरे उदाहरण सेंट जॉर्ज खडकावरील. येथे तर जहाज असे काही मिळालेच नाही; मिळाली ती कौले, धुराड्याच्या विटा, खांबांचे गोल भाग आणि त्यांची शीर्षे, म्हणजे एखाद्या इमारतीचे साहित्य. त्यांवर बासेल मिशनच्या कौल कारखान्याचे नाव आणि १८६५ हे वर्ष छापलेले आहे. घाईचा वाचक ह्या आकड्यावरून जहाज १८६५ मध्ये बुडाले असे म्हणेल. पण मंगळूर येथील तो कारखाना १८६५ साली सुरू झाला. ते वर्ष कारखान्याच्या स्थापनेचे, आणि पुढे अनेक वर्षे ते तसेच मालावर उमटत राहिले. तेव्हा ह्या आकड्याने एकच गोष्ट सिद्ध होते : जहाज त्या वर्षाच्या आधी बुडालेले नाही. पोथीच्या अखेरीस लेखकूने मूळ ग्रंथाचा शक उतरून काढावा आणि वाचकाने तो नकलेचा शक समजावा, तशी ही गफलत होऊ शकते. कोकणातील आणि गोव्यातील घराघरांवर ज्या मंगळुरी कौलांचे छप्पर आहे तेच कौल समुद्रतळाशी सापडल्यावर त्याला पुराव्याची प्रतिष्ठा मिळते. पण प्रतिष्ठेबरोबर त्याची उलटतपासणीही झाली पाहिजे.

गोव्यातील ह्या संशोधनाचे मोल निर्विवाद आहे. थंड समुद्रांत घडलेले शास्त्र त्याने उष्ण समुद्रात आणले, आणि खजिन्याच्या शोधाऐवजी मोजमाप व नोंदी ह्यांना अग्रस्थान दिले. तथापि गोव्याच्या खडकांवर पाणबुड्यास निदान काही पाहता येते. तीच पद्धत मुंबई बंदरात जशीच्या तशी लागू करू पाहणे मात्र निष्फळ होय.

५

न्हावा आणि शेवा ही घारापुरीच्या समोरची दोन गावे. २६ मे १९८९ पासून तेथे जवाहरलाल नेहरू बंदर कार्यरत झाले आणि खाजण, मिठागरे व कोळीवाडे ह्यांचा तो प्रदेश देशातील अग्रगण्य कंटेनर बंदरांत गणला जाऊ लागला. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी आणि न्हावा-शेवा ह्यांना जोडणाऱ्या सागरी सेतूचेही उद्घाटन झाले. ह्या पाण्याचा तळ गाळाचा आहे. उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीत पातळीचा फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो, आणि तो प्रवाह गाळ सतत ढवळीत राहतो. परिणामी पाण्याखाली हाताच्या अंतरावरचेही दिसत नाही. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत सिंधुरक्षक ही पाणबुडी स्फोटांनी बुडाली आणि तिच्यातील अठरा नौसैनिक मृत्यू पावले, तेव्हा गोदीच्या उथळ पाण्यात उतरलेल्या नौदलाच्या पाणबुड्यांना जवळजवळ अंधारातच चाचपडत काम करावे लागले. जेथे डोळा निरुपयोगी ठरतो तेथे दृष्टीवर आधारलेली वाचनपद्धती अपुरी पडते, ह्यात नवल नाही.

ह्या बंदराने सिद्धान्ताच्या परीक्षेसाठी एक अलीकडचा दाखलाही उपलब्ध करून दिला आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी न्हावा-शेव्याहून निघालेले एमएससी चित्रा हे मालवाहू जहाज बंदराच्या तोंडाशी खलिजिया ह्या जहाजावर आदळले आणि कलंडले. त्यावर बाराशेहून अधिक कंटेनर होते. त्यांपैकी सुमारे तीनशे समुद्रात पडले, तेल पसरले, काही कंटेनरांत कीटकनाशके होती, आणि बंदराची वाहतूक काही दिवस थांबली. येथे जहाजाचा माल, मार्ग आणि वेळ ही सर्व कागदोपत्री ज्ञात आहेत. तरीही मालाचा एक भाग वाहून दूरवरच्या किनाऱ्यांना लागला, जड भाग खाली गेला, आणि उरलेला माणसांनी उतरवून घेतला. समजा, कागदपत्रे नष्ट झाली असती आणि चारशे वर्षांनी कोणी केवळ तळाशी राहिलेल्या कंटेनरांवरून जहाजाचे स्वरूप ठरवू लागला असता, तर तो जहाजाविषयी बोलत नसून गाळणीच्या तळाशी राहिलेल्या चोथ्याविषयी बोलत असता. मकलरॉयचा सिद्धान्त येथे खरा ठरतो. पण त्याचबरोबर त्याची एक मर्यादाही उघड होते. गाळणीतून निसटलेले सर्व नष्ट होत नाही. त्यातील बरेचसे किनाऱ्यावर, माणसांच्या हाती आणि माणसांच्या स्मृतीत जाते. ह्या शास्त्राचे नकाशे पाण्याच्या काठाशी थांबतात, आणि नेमका तेथेच पुराव्याचा दुसरा भाग सुरू होतो.

६

हा दुसरा भाग किती मोठा असू शकतो हे पाहावयाचे असेल तर रामदास बोटीचे उदाहरण घ्यावे. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येच्या दिवशी, ही बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. बंदराबाहेर काशाच्या खडकाजवळ पावसाळी वादळात ती कलंडली आणि थोड्याच वेळात बुडाली. सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. त्यामुळे मुंबई शहर जवळ असूनही त्याला ही बातमी तास उलटून गेल्यावर, पोहून वाचलेल्यांकडून कळली. ज्यांनी लोकांना पाण्यातून काढले ते रेवसच्या बाजूने मासळी घेऊन मुंबईकडे येणारे कोळी होते. स्वातंत्र्याच्या सोहळ्याला एक महिनाही उरलेला नसताना ही घटना घडली, आणि त्या सोहळ्याच्या इतिहासात तिला जागा मिळाली नाही.

पाण्याखालच्या साक्षीने ह्या घटनेचे काय कळू शकते? लोखंडी पत्रा, बाष्पपात्र, यंत्राचे सुटे भाग. त्यांवरून बोटीची बांधणी कळेल, कदाचित तिच्या कलंडण्याचा प्रकारही कळेल. पण अमावास्येसाठी गावी निघालेली माणसे, त्यांची गावे, पाण्याची लाट एका बाजूने आत येताच उतारूंची दुसऱ्या बाजूकडे झालेली धाव, मचव्यांनी केलेली मदत, ह्यांपैकी काहीही लोखंडावर उमटलेले नाही. ते सारे अलिबाग-उरणच्या पट्ट्यातील आणि मुंबईतील घरांत सांगितले गेले, आणि सांगणारी पिढी आता जवळजवळ संपली आहे.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. तोंडी साक्ष ही जहाजाच्या साक्षीहून पवित्र नव्हे. तिलाही गाळणी आणि घुसळण लागू आहेत. वाचलेलेच बोलतात, बुडालेले बोलत नाहीत. मृतांचे आकडे निरनिराळ्या कथनांत निरनिराळे येतात. भयाच्या क्षणातील काळाचे मोजमाप विश्वसनीय नसते. एकाच्या आठवणीत दुसऱ्याने वाचलेल्या वृत्तपत्रातील मजकूर मिसळतो. म्हणून पोथ्यांप्रमाणे ह्या कथनांचीही पाठतुलना झाली पाहिजे : कोणते कथन स्वतंत्र, कोणते उसने, कोणत्या तपशिलावर सर्व साक्षी एक होतात आणि कोणत्यावर फुटतात. चौकशीचे कागद, वृत्तपत्रे, तोंडी कथने आणि तळाचे अवशेष ह्या चार साक्षी परस्परांना तपासतात, तेव्हाच निष्कर्षाला बळ येते. केवळ वस्तूवर विसंबणारे शास्त्र मुके आणि केवळ स्मृतीवर विसंबणारा इतिहास भाबडा ठरतो.

७

ह्या चिकित्सेचा व्यवहाराशी संबंध कोठे येतो? भारताच्या १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्यानुसार सामान्यतः शंभर वर्षे जुनी वस्तूच पुरावस्तू ठरते. युनेस्कोच्या २००१ च्या करारातही पाण्याखालील वारशाची मर्यादा शंभर वर्षांचीच आहे. ह्या गणिताने रामदास बोट त्या कराराच्या व्याख्येत २०४७ पूर्वी बसत नाही. कालमर्यादा आखणे प्रशासनास सोयीचे असते. परंतु पुरावा त्या मर्यादेची वाट पाहत थांबत नाही. न्हावा-शेव्याचा जलमार्ग मोठ्या जहाजांसाठी खोल करावा लागतो, हे मान्य केलेच पाहिजे. त्यावाचून बंदर चालणार नाही. प्रश्न गाळ उपसावा की नाही हा नसून उपसलेल्या गाळात काय होते ह्याची नोंद कोण ठेवते हा आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला. त्यावरील सोन्याच्या विटांपैकी काही पुढे कित्येक वर्षांनी गाळ उपसताना हाती आल्या. सोने असल्यामुळे त्यांची नोंद झाली. त्याच बादलीतून खापराचा तुकडा किंवा नांगराचा दगड आला असता तर तो गाळाबरोबर पुन्हा समुद्रात गेला असता. घारापुरीसारखे प्राचीन बंदर अगदी समोर असताना ही शक्यता काल्पनिक नव्हे.

ह्यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की थंड आणि स्वच्छ पाण्यात घडलेली वाचनपद्धती गाळाच्या बंदरात सुधारून घ्यावी लागेल; येथे ध्वनिलहरींनी तळ तपासणे आणि उपसलेल्या गाळाची चाळणी करणे ह्यांना पाणबुड्याच्या डोळ्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व आहे. दुसरी ही की जेथे जाळे अडकते ती जागा कोळी विसरत नाही. गेलिदोन्याला स्पंज काढणाऱ्यांनी जे केले ते उरण-करंज्याच्या कोळ्यांकडून घडू शकते. पण बंदराच्या विस्ताराने त्यांची मासेमारीची पाणथळे आकसत चालली, तसे हे ज्ञानही आकसत चालले आहे. तिसरी ही की किनाऱ्यावरील साक्ष गोळा करण्याचे काम पाण्यातील कामाची पुरवणी नसून त्याचा अर्धा भाग होय. आणि हा अर्धा भाग अधिक निकडीचा आहे, कारण गाळातील लोखंड आणखी काही दशके टिकू शकेल, पण १९४७ साली दहा वर्षांचा असलेला साक्षीदार तितका काळ राहणार नाही.

बुडालेले जहाज हा गोठलेला क्षण नाही. तो अनेक हातांनी बदललेला, अनेक ठिकाणी फाटलेला पाठ आहे, आणि त्याची काही पाने पाण्याखाली तर काही किनाऱ्यावर आहेत. न्हावा-शेव्यापुरते बोलावयाचे तर किनाऱ्यावरील पाने आधी उतरून घेतली पाहिजेत. पाण्याखालील पाने वाचताना त्यांचाच आधार लागणार आहे.